आमची वाटचाल : साडेसोळा मिलिमीटरचा धंदा, मुक्काम भुसावळ

भुसावळात रेल्वेचं सामान विकतो म्हटलं की बाहेरगावचा माणूस आधी इकडेतिकडे बघतो. असं सामान विकणारे या गावात पूर्वीही होते, पण ते रात्री विकत. आम्ही दिवसाढवळ्या, पक्क्या बिलावर विकतो, कारण आमचं सामान हौशी लोकांच्या छोट्या मॉडेल रेल्वेचं, आणि आमचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, साडेसोळा मिलिमीटरचा आहे. एचओ आणि ओओ ही त्याच्या मॉडेलांची मापं; शिवाय नऊ मिलिमीटरचं एन आणि थोडं एचओई. फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वळवता येणारा रूळ), पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारा सांधा), फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), डिकोडर (इंजिनाला हुकूम देणारी चिप), कपलर (डबे जोडणारा आकडा), रुळाखालचा कॉर्क. 'खान्देशात हे घेतं कोण?' असं सगळे विचारतात. खान्देशात मोजकेच घेतात, माल बाहेर जातो. गुवाहाटीपासून कोइमतूरपर्यंत आमचे पाइप पोहोचलेत. पाइपाचं पुढे सांगतो.

मूळ धंदा मोटर रिवाइंडिंगचा. यावल-रावेरच्या केळीवाल्यांच्या जळालेल्या सबमर्सिबल मोटरी भरून द्यायच्या. वडील रेल्वेत, कॅरेज-वॅगनला. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ ला सुरू झालेलं. ते पाहिलं आणि सिग्नल, केबल कार, रोषणाई सोडून माझी नजर रुळावर खिळली. एवढी बारीक फिशप्लेट बनवतं कोण? इंग्लंडात पेको नावाची कंपनी बनवते, आणि तिथली दुकानं ऑनलाइन पैसे घेऊन भुसावळला पार्सल पाठवतात, हे कळायला वेळ लागला नाही. आधी स्वतःपुरतं मागवलं. मग 'माझंही मागव भो' सुरू झालं. मग आयात परवाना, जीएसटी, सीएचए म्हणजे कस्टम्सचा एजंट. तो भाग सगळ्यांचा सारखाच असतो, सोडून देतो.

या धंद्यात पैसा इंजिनात दिसतो, पण असतो रुळात. इंजिन माणूस वर्षातून एक घेतो, ते थेट परदेशातून मागवू शकतो. रुळाचं तसं नाही. फ्लेक्स ट्रॅकची कांडी ९१४ मिलिमीटर लांब, म्हणजे अख्खा यार्ड. कुरिअरवाला लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरात गुणून ५००० ने भागतो आणि वजनाऐवजी त्याचे पैसे लावतो. एकट्या माणसाने सहा कांड्या मागवल्या तर रुळापेक्षा भाडं जड, आणि कुणीतरी खोक्यावर मिक्सर ठेवला की सहाही कांड्या धनुष्य. आम्ही पंचवीस कांड्यांचे बंद बॉक्स उचलायचो आणि इथून सुट्या पाठवायचो, पीव्हीसी पाइपात घालून, दोन्ही तोंडांना टोप्या लावून. जळगाव जवळ असल्यावर पाइपाला काय तोटा! आजवर आमच्याकडून गेलेली कांडी वाकलेली निघाल्याची तक्रार नाही. ही पाइपाची पद्धत आमची. आता देशात जो तो पाइपात पाठवतो आणि 'आमचं खास पॅकिंग' म्हणून फोटो टाकतो.

भागीदार जळगावचा, एमआयडीसीत डाय बनवणारा. चटईच्या कारखान्यांचं आणि पाइप फिटिंगचं काम करायचा. ट्रेनचा त्याला शौक नाही, आजही नाही. त्याला फक्त माप चुकलेलं सहन होत नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा माप तपासायचा गेज दिला, पत्र्याचा तो छोटा तुकडा, खाचाखाचांचा. त्याने पॉइंटच्या फ्रॉगमध्ये, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, घालून पाहिला, चाकांमध्ये घालून पाहिला, आणि म्हणाला, 'हा पत्रा सोडून बाकी सगळं मला दे, हा तुझ्याकडे ठेव, नाहीतर मी रात्रभर मोजत बसेन.'

त्याच्यामुळे आमच्या हत्यारांना शिस्त आली. झुरॉन कंपनीची रेल कटर, म्हणजे रूळ कापायची पक्कड, आमच्याकडे जोडीने असते. एक गिऱ्हाईकाला दाखवायची, एक कामाची, आणि कामाचीला तांब्याच्या तारेशिवाय दुसरी तार कोणी लावायची नाही. तिची सपाट बाजू तुम्हाला ठेवायच्या तुकड्याकडे हवी. बहुतेक जण उलटी धरतात. कापल्यावर रुळाच्या तळाशी बारीक काटा उरतो. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. तो कानशीने मारल्याशिवाय फिशप्लेट चढवायची नाही, नाहीतर ती आतून फाकते आणि पुढे 'इंजिन इथेच का अडकतं' म्हणून रात्री अकराला मला फोन येतो. सोल्डरिंगचं मी मोटरींवर शिकलो होतो. रुळाला इस्त्री लावायची ती बाहेरच्या अंगाला, आणि दोन सेकंदांत उचलायची; जास्त ठेवली की स्लीपर वितळून रूळ मोकळा.

आता ड्रायव्हरकाका. निवृत्त मेल ड्रायव्हर, वाफेवर फायरमन होते, शेवटी शेवटी भुसावळ शेडची डब्ल्यूएपी-४ ही विजेची इंजिनं चालवायचे. सासरवाडी शेंदुर्णीची. आमचं पहिलं पक्कं बिल त्यांच्या नावाचं. आयुष्य ब्रॉडगेजवर काढलेल्या माणसाने येऊन मागितलं काय, तर पीजे! पाचोरा-जामनेर छोटी गाडी, अडीच फुटी रुळाची, ५६ किलोमीटर. हिशोब त्यांनीच कागदावर करून आणला होता. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, एचओ मॉडेल खऱ्याच्या ८७ पट लहान, म्हणून भागिले ८७, म्हणजे ८.७६. म्हणजे नऊ मिलिमीटरचा रूळ एचओ स्केलला पीजेसाठी जवळजवळ तंतोतंत. आपलं ब्रॉडगेज १६७६, त्याला १९.२६ पाहिजे, आणि सगळी दुनिया आपल्या गाड्या साडेसोळावर चालवते. 'तुमची राजधानी चुकीच्या रुळावर आहे, माझी पीजे बरोबर आहे,' हे ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ऐकवायचे. दोन-चार गिऱ्हाइकं त्यापायी परत गेली. मी काकांना काही बोललो नाही.

अख्खी पीजे मात्र घरात मावत नाही. ५६ किलोमीटर १:८७ ने साडेसहाशे मीटरच्या घरात जातात आणि काकांची गच्ची तेवढी नव्हती. म्हणून शेंदुर्णी आणि पहूर ठेवायचं, मधलं कापायचं, असं ठरलं. रूळ दाखवला तर नाक मुरडलं. 'हा फार सरळ आहे रे. पीजेचा रूळ मी पाहिलाय.' पेकोच्या नऊ मिलिमीटर रुळात एक प्रकार मुद्दाम वेड्यावाकड्या स्लीपरांचा येतो. तो आणून दिला तेव्हा कुठे माणूस खुलला. चहा पाजला नाही, थेट भरीत-पुरी.

मधली वर्षं बरी गेली. वडिलांचं घर दुरुस्त झालं, मुलीची फी वेळेवर गेली.

मग फेब्रुवारी २०२०. त्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची कस्टम्स ड्युटी २० टक्क्यांवरून थेट ६० वर गेली. स्केल मॉडेल कस्टम्सच्या यादीत खेळण्यांच्याच शीर्षकात येतं, ९५०३. चीनचा प्लास्टिकचा भोंगा आणि आमचा जर्मन सिल्व्हरचा रूळ एका रांगेत. हिशोब सांगतो, कारण लोकांना वाटतं दुकानदार लुटतो. पन्नास पौंडांचा माल, वीस पौंड भाडं. ड्युटी भाड्यावरही लागते, म्हणजे सत्तरवर. ६० टक्के म्हणजे ४२. त्यावर दहा टक्के सरचार्ज, ४.२०. झाले ११६.२०. वर जीएसटी. पन्नासचा माल दारात सव्वाशेच्या पुढे. आदल्या वर्षी हाच माल शंभराच्या आसपास पडत होता. २०२३ ला तर ड्युटी ७० झाली.

तेही सोसलं असतं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हुकूम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी. आमच्या प्रत्येक बॉक्सवर १४+ छापलेलं असतं. पण शीर्षक ९५०३, आणि वर चित्र आगगाडीचं. आमची त्या वर्षातली सगळ्यात मोठी खेप, पॉइंट आणि फ्लेक्सची, कस्टम्सच्या गोदामात अडकली. कागद पाठवा, कॅटलॉग पाठवा, हे मुलांसाठी नाही हे लिहून द्या, कोण लिहून देतंय त्याचा कागद पाठवा. एका पत्रात विचारलं होतं की डिकोडर हे खेळणं आहे की सर्किट. मी म्हटलं, साहेब, या प्रश्नावर आमच्यातही एकमत नाही. तोवर अडकलेल्या मालाचं रोजचं भाडं, डेमरेज, चढत होतं. माल उधारीवर, बायकोची पोत बँकेत. माल सुटला तेव्हा डेमरेजने नफा खाल्लेला होता, मुद्दलाचाही लचका तोडला होता.

आणि याच काळात 'ते' उगवले. नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला. मोठ्या शहरातले गृहस्थ. आधी आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणून आले होते. अगत्याने बसवलं, रॅक दाखवला, कुठून काय मागवतो ते सांगितलं. आपल्याकडे आलेल्याला सांगतातच. त्यांनी रॅकचे फोटो काढले, मला वाटलं हौस. पुढे तोच माल आमच्या आयात खर्चाच्याही खाली विकायला काढला. कसा? बिलावर 'मशीनचे सुटे भाग, नमुना' लिहून, किंमत चतुर्थांश दाखवून. हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्यांच्याच पार्सलातून आलेला कागद एका गिऱ्हाइकाने मला पाठवला, माझा भाव पाडायला! वर गावभर सांगितलं की भुसावळवाले सेकंडचा माल देतात. आमची जुनी गिऱ्हाइकं, ज्यांच्या पॉइंट मोटरी मी फोनवर बसून जोडून दिल्या, ती तिकडे गेली. जाताना एक जण म्हणाला, 'भाऊ, धंद्यात भावना नसते.' त्याच माणसाला नंतर रूळ काळा का पडतो हे विचारायला मीच आठवलो. लोहचुंबक लाव म्हटलं. चिकटला. जर्मन सिल्व्हर म्हणून पत्र्याचा रूळ गळ्यात मारला होता.

त्या दिवसांत दुकान बंद करून परत मोटरी भरायच्या, हे जवळजवळ ठरलं होतं. ड्रायव्हरकाका आले. लॉकडाऊनमध्ये खरी पीजे थांबली होती, तेव्हापासून त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. म्हणाले, 'शेंदुर्णीपासून पहूरपर्यंत सगळा रूळ तूच टाक. इंग्लंडचा नको, तुझा टाक.' आणि पेन्शनचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले. मी म्हटलं, काका, मी रूळ बनवत नाही, विकतो. ते म्हणाले, 'तुझा तो जळगाववाला काय चटयाच करणार आहे का जन्मभर?'

जळगाववाल्याने डाय केली. नऊ मिलिमीटरची स्लीपरपट्टी, स्लीपर मुद्दाम तिरपे, दोन तर चिरलेले, काकांनी सांगितले तसे. पहिला घाणा चटईच्या प्लास्टिक दाण्यात काढला, रिसायकल माल, फुकटात मिळतो म्हणून. पट्टी बाहेर आली ती केळीच्या सालीसारखी वळलेली. मग नवा दाणा आणला, साचा थंड करायची वेळ वाढवली, पट्टी सरळ निघाली. रेल अजून बाहेरचीच, कोड ८० म्हणजे ०.०८ इंच उंचीची, पण नुसती रेल मागवली की खोकं लहान आणि भाडं कमी. ती पट्टीत सरकवली, गेज फिरवला. कुठे अडला नाही. भागीदार काही बोलला नाही, त्याने तो गेज खिशात टाकला आणि अजून परत दिलेला नाही. काकांच्या गच्चीवर आज झेडडीएम हे छोटं डिझेल इंजिन तीन डबे ओढतं. बॉडी थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, चॅसी जपानी एन स्केलची.

बाहेरून मागवणाऱ्यांना दोन गोष्टी, कोणी विचारल्या नसल्या तरी. इंग्लंडच्या दुकानात भारताचा पत्ता टाकला की त्यांचा २० टक्के व्हॅट वजा झाला पाहिजे. साठचे पन्नास दिसले नाहीत तर पैसे भरू नका, आधी मेल करा. 'गिफ्ट लिहा' असं विक्रेत्याला सांगू नका. अडकलं की सोडवायला कोणी येत नाही. केवायसी आधीच भरून ठेवा. परदेशी पुस्तकं रूळ घट्ट जोडा म्हणतात, ते त्यांच्या हवेला. आपल्याकडे जानेवारीत टाकलेला रूळ मे महिन्यात तीस अंश जास्त तापतो आणि ९१४ च्या कांडीमागे जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतो. सांध्यात तेवढी फट ठेवा. गच्चीवर पत्रा असेल तर दुप्पट. आणि पोरांना मोबाइलच्या आधी इस्त्री हातात द्या, सोल्डरची म्हणतोय.

आमच्या स्लीपरपट्टीला आता बाहेरूनही मागणी आहे. गेल्या महिन्यात एक मोठी ऑर्डर आली, नाव अनोळखी, घाऊक भाव पाहिजे म्हणून. पत्ता पाहिला. पिनकोड ओळखीचा, मोबाइल नंबर तर तोंडपाठ. त्या गृहस्थांनी पुतण्याच्या नावाने मागवली होती. माल दिला, नाही कशाला म्हणू. किरकोळ विक्रीच्या भावाने दिला, पैसे आधी घेतले, कुरिअर वेगळं लावलं, आणि पाइपाचेही लावले. पाइपाचे पैसे आम्ही दुसऱ्या कोणाकडून घेत नाही.