हातात काय होतं?

‘हातातून खाली ठेववत नव्हती’ असं कुणी एखाद्या कादंबरीबद्दल म्हणालं की हल्ली मी आधी विचारते, हातात काय होतं? पुस्तक, ई-रीडर की मोबाइल? की हातात झाडू होता आणि कादंबरी कानात चालली होती? समोरच्याला हा प्रश्न आगाऊ वाटतो. तो कथानक, व्यक्तिरेखा, शैली असं काही गंभीर बोलायच्या तयारीत असतो आणि ही बाई विचारते, वाचलंस कशावर! पण कादंबरीबद्दलच्या आपल्या मतात लेखकाचा जेवढा वाटा असतो, त्याच्या खालोखाल ती कशावर वाचली याचा असतो असं माझं ठाम मत झालंय. आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

मी आणि माझी एक मैत्रीण नुकतीच एकच कादंबरी संपवून बोलायला बसलो. चार पिढ्यांचं घराणं, भाऊबंदकी, एक पडका वाडा, असा ऐवज. ती म्हणाली, “काय वेगवान आहे गं!” मी तिच्याकडे बघतच राहिले. वेगवान? त्या वाड्याच्या अंगणातून आत जायलाच मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती. मग उलगडा झाला. तिने छापील पुस्तक वाचलं होतं, मी ऐकलं होतं. कागदावर डोळ्याला एक सवय असते. लांबलचक परिच्छेद दिसला, त्यात संवाद नाही, कुणाचं नाव नाही, की डोळा अलगद उडी मारून पुढच्या अवतरणचिन्हावर जाऊन बसतो. आपण काही गाळलं हे आपल्यालाही कळत नाही. कानाला ही सोय नाही. वाचणारा प्रत्येक खांब, प्रत्येक कोनाडा, विहिरीवरचं प्रत्येक झाड शांतपणे वाचत जातो आणि आपल्याला त्याच्यामागून चालावं लागतं. त्या कादंबरीतली निम्मी झाडं मैत्रिणीने पाहिलीच नव्हती.

उलट नात्यागोत्यात ती पक्की होती. पुस्तकाच्या सुरुवातीला वंशावळ छापलेली, तिथे एक बोट अडकवून तिने सगळं वाचलं होतं. मला मात्र दोन चुलत भावांतला थोरला कोण हे शेवटपर्यंत नीट लागलं नाही. थोडक्यात, तिने घराणं वाचलं आणि मी वाडा. दोघींची मतं अगदी प्रामाणिक होती आणि दोघी भांडत होतो!

ऐकण्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. लेखकाने न दिलेलं मत वाचणारा देऊन टाकतो. एका रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत छान झाकून ठेवलं होतं. पण वाचणाऱ्याने त्या माणसाला दुसऱ्याच प्रकरणात असा काही तेलकट आवाज दिला की मी तिथेच ओळखलं. ‘रहस्य फारच ढोबळ आहे’ हे माझं मत लेखकावर अन्यायच करणारं होतं. आणि चांगला आवाज मिळाला की याच्या उलट होतं. अगदी साधं, शाळकरी वाक्यही जुनं दुःख असल्यासारखं वाटतं. प्रथमपुरुषी, कबुलीजबाबाच्या थाटाच्या कादंबऱ्या मी आता शक्यतो ऐकतेच. एक माणूस आपल्यालाच सांगतोय हा भास कागदावर लेखकाला शब्दांतून उभा करावा लागतो, इथे तो पहिल्या मिनिटाला तयार असतो.

‘ऐकणं म्हणजे काही वाचन नव्हे’ असं म्हणणारे अजून भेटतात. अमेरिकेत १९३४ साली दृष्टिहीन वाचकांसाठी तबकड्यांवर बोलकी पुस्तकं मिळू लागली. तबकडीची एक बाजू पंधरावीस मिनिटांत संपायची, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागत असणार. ज्यांनी त्या उलटसुलट करत अख्ख्या कादंबऱ्या संपवल्या, त्यांना तुम्ही वाचक नव्हेत हे तोंडावर सांगायची हिंमत कुणात आहे? माझी तक्रार फक्त दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांबद्दल आहे. नायिकेचा बाप मरतोय आणि तो दीडपट घाईने मरतोय. मग हेच लोक येऊन सांगतात की शेवट मनाला भिडला नाही.

शेवटावरून आठवलं. कागदी पुस्तक एक गुपित कधीच राखू शकत नाही, ते म्हणजे किती उरलंय. जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर ॲबी’च्या शेवटाकडे यावर स्वतःच मस्करी केली आहे. उरलेली पानं किती थोडी आहेत ते वाचकाला दिसतंच आहे, तेव्हा सगळं गोड होणार हे त्याने ओळखलंच असेल, अशा अर्थाचं काहीतरी ती लिहिते. ही कादंबरी १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. म्हणजे उजव्या अंगठ्याखालची जाडी कथानक फोडते हे तेव्हाही ठाऊक होतं. ई-रीडरवर जाडीच्या जागी टक्के आले. हे टक्के आणखी लबाड. एक कादंबरी वाचताना मी ९१ टक्क्यांवर होते, नायक नुकताच स्टेशनवर पोचला होता, आता खरी गंमत सुरू होणार म्हणून मी सावरून बसले, तर कादंबरी संपलीच. उरलेले नऊ टक्के त्याच लेखकाच्या पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं. ‘शेवट फार अचानक आला’ असं मी पुढे जिथे तिथे सांगत सुटले. छापील प्रत वाचलेल्या कुणालाच तसं वाटलं नव्हतं.

यावर संशोधनही झालं आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्यांची एकूण संख्या एक लाख सत्तर हजारांवर होती. माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो, पण गोष्टीच्या बाबतीत तसा फरक दिसत नाही, असं त्यात निघालं. हे वाचून ई-रीडरवाल्यांनी हुश्श केलं असेल. पुढच्याच वर्षी एक छोटा अभ्यास आला. पन्नास जणांना एकच रहस्यकथा दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडल या ई-रीडरवर. बहुतेक बाबतींत दोन्ही गट सारखेच. पण काय आधी घडलं आणि काय नंतर, यात किंडलवाले मागे पडले. मला याचं बिलकुल आश्चर्य वाटलं नाही. ती चिठ्ठी सापडली तो प्रसंग ‘डाव्या पानावर, खालच्या बाजूला, साधारण पुस्तकाच्या मध्याला’ असा मला कागदावर आठवतो. ई-रीडरवर सगळे प्रसंग एकाच पानावर घडतात.

ई-रीडर उघडला की तो थेट पहिल्या प्रकरणावर नेऊन सोडतो, त्यामुळे मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका दिसतच नाही. पुन्हा उघडावं तर थांबलो होतो तिथेच. महिनाभर रोज वाचलेल्या कादंबरीचं नाव विचारलं तर त, त, प, प होतं. छापील पुस्तक मात्र दर वेळी हातात घेताना आपलं नाव दाखवतंच. शिवाय इतर वाचकांनी अधोरेखित केलेल्या ओळी ई-रीडरवर ठिपक्यांच्या रेघेने दिसतात. ते मी पहिल्यांदा बंद करते. मला काय आवडावं हे मला आधी कळायला नको. रहस्यकथा मात्र तिथेच वाचावी, कारण शेवटचं पान हळूच उघडून बघायचा मोह कागदावर जेवढा सोपा, तेवढा तिथे नाही. ग्रुपवर फिरणाऱ्या तिरक्या स्कॅनच्या पीडीएफविषयी मी बोलणार नाही. ती चोरीही आहे आणि डोळ्यांचा छळही.

मुळात कादंबरी लिहितानाही कशावर वाचली जाणार याचा हिशेब असतोच. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ पासून महिन्याच्या भागांनी आली, आपल्याकडे हरी नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० नंतर ‘करमणूक’मधून क्रमशः येत. त्या वाचकाला पुढच्या अंकापर्यंत थांबायचं असे आणि मधल्या काळात तर्क करायला भरपूर वेळ असे. आज तशा कादंबऱ्या बांधीव खंडात सलग वाचून आपण तक्रार करतो की दर थोड्या पानांनी लेखक उगाच आपल्याला टांगून ठेवतो, झालेल्या गोष्टींची आठवण पुनःपुन्हा करून देतो. मधे दिवसच गेले नाहीत तर ती आठवण जाचक वाटणारच.

म्हणून पुस्तक सुचवताना मी आता पथ्यपाणीही सांगते. ही ऐक, वाचू नकोस. ही कागदावरच, आणि पेन्सिल घेऊन बस, कारण हिच्यात घडत काहीच नाही, वाक्यंच आहेत. ही मोबाइलवर रांगेत उभ्याउभ्या वाचलीस तरी चालेल, लेखकानेही ती तशीच लिहिल्यासारखी आहे. आणि सध्या ज्या जाडजूड कादंबरीबद्दल मला सगळे विचारतायत ती ई-रीडरवर यादीत खाली खाली सरकत गेली आहे. कागदी असती तर बाहेर डोकावणाऱ्या खुणेने टोचत राहिली असती. तिच्याविषयी माझं मत तूर्त ४२ टक्के झालंय. तेवढंच हवं असेल तर सांगते, भाषा छान आहे.