काशी, पंचगंगेच्या बाजूने

काशीला जाणारी आपली बहुतेक मंडळी विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेधावरची आरती आणि नावेतून एक फेरी एवढं करून परततात. माझं कळकळीचं सांगणं आहे, एक सकाळ पंचगंगा घाटासाठी राखून ठेवा.

आम्ही ऐन थंडीत गेलो होतो. उजाडताना घाटावर पोहोचलो तेव्हा धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा इथे एकत्र येतात अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती गंगाच. याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात रामानंदांचा पाय कबीरांना लागला, अशी कथा सांगतात. मला मात्र इथे संत एकनाथ आठवतात. भागवताच्या एकादश स्कंधावरची त्यांची टीका, म्हणजे एकनाथी भागवत, पुरी झाली ती काशीत, १५७३ साली. ज्या ओव्या आजी घोळून घोळून वाचायची, त्यांची सांगता या गावात झाली हे मनात आलं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

पायऱ्या चढून वर गेलं की आलमगीर मशीद. बिंदुमाधवाचं जुनं भव्य देऊळ इथेच होतं. औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं. आजचं देऊळ जवळच आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. बाहेरून एखादं घर वाटावं असं, त्यामुळे विचारत विचारत जावं लागतं. आत काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती, गळ्यात तुळशीचे हार. पुजाऱ्यांनी आमचं बोलणं ऐकून मराठीतच विचारलं, "कुठून आलात?" पुढचा ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट बांधले पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी. या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीला बनारसी हेल आहे आणि तो कानाला फार गोड लागतो.

तिथून कालभैरवाला. हा काशीचा कोतवाल, त्याची परवानगी घेतल्याशिवाय काशीवास नाही. गर्दी खूप, दर्शन क्षणभराचं. मनगटाला काळा गंडा बांधून घेतला आणि निघालो.

चौखंभ्याकडे आलो तोवर भूक लागली होती. कचोरी-भाजी झाली, जिलबी झाली, पण खरी गोष्ट म्हणजे मलइयो. ही फक्त थंडीतच मिळते. आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस तेवढा काढून घेतात. केशर-वेलची घातलेला तो पिवळसर फेस कुल्हडात भरून, वर पिस्त्याचे काप पेरून हातात देतात. जिभेवर ठेवला की विरतो, चावायला काही उरतच नाही. फेस संपला की विक्रेता न मागता त्याच कुल्हडात थोडं केशरी दूध ओततो. ते प्यायल्याशिवाय उठायचं नाही. ऊन तापलं की मलइयो बसते, म्हणून सकाळीच गाठायची.

शेवटी ठठेरी बाजार. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशी गल्ली आणि दोन्हीकडे तांब्यापितळेची दुकानं: घंटा, समया, पंचपात्री, अभिषेकपात्रं. आपल्याकडे कितीतरी देवघरांत तोंड डाख देऊन बंद केलेला गंगेचा गडू असतो. काशीयात्रेहून आलं की मावंदं, म्हणजे यात्रा पुरी झाल्याचं जेवण, घालून त्याची पूजा करतात. तसाच एक छोटा गडू मी मागितला. दुकानदारांनी दोन-तीन गडू बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, एक निवडला आणि बजावलं, "लोटा यहाँ से लीजिए, जल प्रयाग से भरिए।" काशीतून गंगाजळ नेऊ नये, अशी इथली समजूत आहे. मग रिकामाच गडू कागदात गुंडाळून घेतला आणि दुसऱ्या दिवशीची प्रयागची गाडी किती वाजता आहे, याची चौकशीही त्यांच्याकडेच केली.