क्योतोत वाट विचारताना

क्योतोच्या शिजो रस्त्यावर पावसानं गाठलं, त्यात फोन बंद पडलेला. हातात मुक्कामाचा पत्ता लिहिलेला एक कागद. दुकानाच्या दारात एक आजी छत्री झटकत होत्या. "सुमिमासेन" (माफ करा हं) म्हणून कागद पुढे केला आणि म्हटलं, "कोको नी इकिताइ न देस गा..." म्हणजे, 'मला इथं जायचंय, पण...' वाक्य 'पण'वरच सोडायचं. पुढचं समोरच्याला कळतं, आपल्यासारखंच.

मराठी माणसाला जपानीत वाट विचारणं खरंच सोपं जातं. "एकी वा दोको देस का?" एकी म्हणजे स्टेशन, दोको म्हणजे कुठे, देस म्हणजे आहे. क्रम आपलाच, आणि प्रश्नाच्या शेवटी चक्क 'का'! अडचण येते ती उत्तर समजून घेताना. म्हणून उत्तराचे शब्द आधी पाठ करा: मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे, मास्सुगु सरळ, कादो कोपरा, शिंगो सिग्नल.

आजी म्हणाल्या, "त्सुगी नो शिंगो ओ मिगी." पुढच्या सिग्नलला उजवीकडे. मी खात्रीसाठी विचारलं, "मिगी देस ने?" हे 'ने' म्हणजे आपलं 'ना'. त्या हसून "हाइ, हाइ" म्हणाल्या आणि कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं: सागारु.

पत्ता होता 'ताकाकुरा-दोरी, शिजो सागारु': ताकाकुरा रस्त्यावर, शिजोपासून खाली. क्योतोत उत्तरेला जाणं म्हणजे 'आगारु', चढणं. दक्षिणेला जाणं म्हणजे 'सागारु', उतरणं. राजवाडा उत्तरेला आणि जमिनीचा उतार दक्षिणेकडे. आमच्या कोकणातल्या वरच्या आळी-खालच्या आळीची मला तिथंच आठवण झाली. जपानात इतरत्र बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ते विभाग आणि गटांच्या क्रमांकांवर चालतात. तिथं सरळ कोबान गाठावं, म्हणजे कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी. तिथं परिसराचा नकाशा असतो आणि वाट सांगणं हे त्यांचं रोजचंच काम. तोक्योच्या शिंजुकु स्टेशनला तर दोनशेच्या वर दारं आहेत, तेव्हा "दोनो देगुची देस का?" (कुठलं दार?) हे आधीच विचारून ठेवा.

"आरुइते नानपुन देस का?" चालत किती मिनिटं? आजींनी पाच बोटं दाखवली, "गोफुन." मग छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली आणि सिग्नलपर्यंत सोबत आल्या.