धूर होता, आगही होती

दिवेलागणीला नेरूळच्या एका जुन्या सोसायटीतून वर्दी आली. ‘बिल्डिंगच्या मागून धूर येतोय, आग लागलीय.’ बंब घेऊन पोहोचलो तर मागच्या भिंतीवरून दाट पांढरा धूर चढत होता खरा. पण गल्लीतून धुरीकरणाचं मशीन नुकतंच पुढे गेलं होतं, आणि डिझेलचा तो वास आम्ही सगळेच ओळखतो. गॅलरीतून कुणीतरी ओरडलंही, “साहेब, डासांचा धूर आहे, जा परत!” जवान गाडीकडे वळले.

मी बीएला तत्त्वज्ञान शिकलो. पर्वतावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं, अनुमान तेव्हा पाठ केलं आणि आता त्यावरच नोकरी चालते. धूर आगीचा नाही हे कळल्यावर त्या अनुमानाचा आधार गेला, एवढंच. ‘आग नाही’ हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट नैयायिकांनीच बजावून ठेवलंय की तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. त्यांच्या मते धुरासाठी ओलं सरपण लागतं. धुराचं कारण सापडलं की मनातली शंका मिटते, आणि आमच्या कामात मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटते. म्हणून म्हटलं, आलोच आहोत तर खाली-वर एक फेरी मारूनच जाऊ.

मीटर रूमच्या दाराला हाताची मागची बाजू लावली. दार गरम होतं. आत केबलचा एक सैल जॉइंट लालभडक झाला होता आणि मागच्या लाकडी फळीची कड नुकतीच पेटू लागली होती. बाहेरून दिसेल इतका धूर अजून झालाच नव्हता. वीज तोडली, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मारला, काम आटोपलं.

फोन करणारे काका खाली आले. “मी म्हटलं होतं ना, आग लागलीय!”

आठव्या शतकात काश्मीरच्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडिताने जवळजवळ हेच उदाहरण दिलं आहे. मांस भाजायला विस्तव नुकताच पेटवलाय, धूर अजून नाही. पण मांसावर जमलेला किड्यांचा थवा दुरून धुरासारखा दिसतो आणि बघणारा म्हणतो, तिथे आग आहे. बोलणं खरं, कारणही पटण्यासारखं. तरी याला ज्ञान म्हणायचं का? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात एडमंड गेटियरने 1963 साली जेमतेम तीन पानांच्या लेखात हाच पेच मांडला आणि त्यावरचा वाद आजही चालू आहे.

माझं उत्तर ठाम आहे. काकांना आग लागल्याचं माहीत नव्हतं. तरीही त्यांनी फोन केला ते शंभर टक्के बरोबर केलं, आणि उद्या पुन्हा तसाच धूर दिसला तर पुन्हा करावा. तसं त्यांना सांगितलंही. “काका, तुम्ही पाहिलात तो धूर या आगीचा नव्हता. पण फोन केलात म्हणून आम्ही आलो.” ते थोडे हिरमुसले.

रिपोर्टमध्ये मात्र मी दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या. वर्दीचं कारण, धुरीकरणाचा धूर. आगीचं ठिकाण, मीटर रूम, तपासणीत आढळली. नुसतं ‘धूर दिसल्याने वर्दी’ लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने तो धूर मीटर रूमचाच धरला असता आणि आग फोनच्या कितीतरी आधी लागली असा चुकीचा हिशेब मांडला असता.