मागचा ब्रेक ओरडतोय

मोटरसायकलचा मागचा ब्रेक वाजायला लागला की गल्लीतला कोणीही, अगदी ज्याने आयुष्यात सायकलपण चालवली नाही तोसुद्धा, एकच सांगतो, टाईट करून घे. गॅरेजवाला दादापण खाली न बसता नुसता वाकून, पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या रॉडच्या नटाला दोन आटे देतो, हाताने पॅडल दाबून बघतो, झालं. पैसेपण घेत नाही बिचारा. आणि दुसऱ्या दिवशी आवाज परत हजर. कारण पकड आणि आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि तो नट फक्त पहिल्याचं औषध आहे, हे कोणाला पटतच नाही. एका काकांनी तर मला "आत चार थेंब ऑइल सोड" असं सुचवलं होतं. आवाज नक्की गेला असता, सोबत ब्रेकपण गेला असता.

मुळात आधी ऐकायला पाहिजे. पॅडल न दाबता आवाज येत असेल तर तो चेनचा, बेअरिंगचा नाहीतर शू ड्रमला घासत राहिल्याचा (ड्रम म्हणजे चाकाच्या मधला पोकळ डबा, शू म्हणजे त्याच्या आत पसरून त्याला धरणारे दोन अर्धगोल तुकडे). गाडी मेन स्टँडवर घ्यायची, न्यूट्रल करायची आणि मागचं चाक हाताने फिरवायचं, लगेच कळतं. दाबल्यावर खरखर येत असेल, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, तर लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, संपलेत, तिथे विचार करत बसू नये. आणि दाबल्यावर बारीक लांबलचक चीं येत असेल, गाडी थांबता थांबता तर जास्तच, तर बहुतेक लायनरवर चकाकी आलेली असते. फळ्यावर खडू किंचाळतो ना, तसंच हे, शू ड्रमला धरतो, सुटतो, परत धरतो, हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं आणि मग अख्खा ड्रम घंटेचं काम करतो.

आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात अजून एक प्रकार असतो. रात्रभर गाडी भिजली की ड्रमला आतून गंजाचा पातळ थर धरतो, सकाळी पहिले तीन-चार ब्रेक घर्र करतात आणि मग सगळं गप्प. त्याच्या मागे लागायचं नाही. पण कुंभार्ली घाट उतरताना पाय पॅडलवर ठेवूनच येणारे लोक आहेत (भरपूर आहेत), त्यांचे लायनर तापून तापून काचेसारखे होतात. तिसरा गियर टाकला तर इंजिनच गाडी धरून ठेवतं, पण नाही, न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायचं असतं ना. त्यात पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही ही आपली घराघरातली शिकवण, पुढचा दाबला की गाडी उलटते म्हणे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी) किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे सीबीएसवाल्या गाडीत मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतोच. माझी शंभर सीसी त्याच्या आधीची, तिचं सगळं ओझं मागच्यावर.

तर चाक काढायचं. त्याआधी एक फुकटची तपासणी, ब्रेकच्या आर्मजवळ (रॉड ज्याला ओढतो तो दांडा) एक छोटा बाण असतो, पॅडल पूर्ण दाबल्यावर तो प्लेटवरच्या, म्हणजे ड्रमच्या झाकणावरच्या, खुणेपर्यंत पोचला की शू बदलायचे, बाकी चर्चा नको. मग रॉडचा नट, तो सुटताना स्प्रिंग आणि छोटी पिन उडते ती हाताने धरायची, मग प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा नट, मग एक्सल. आमच्या गाडीत स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) जागेवरच राहतं त्यामुळे चेन उतरवायची भानगड नाही, चाक जरा तिरकं केलं की बाहेर.

प्लेट उचलली की आत काळी पूड. ती फुंकायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि नसलं तरी ती धूळ छातीत कशाला, ओल्या फडक्याने पुसायची. माझे लायनर हातात घेतले तर बऱ्यापैकी जाड होते, फक्त इतके गुळगुळीत की नखपण सरकत होतं. जाडी दोन मिलीमीटरच्या वर असेल तर या गाड्यांमध्ये सहसा अजून जीव असतो. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चकाकी जाईपर्यंत घासले, कडेची धारदार टोकं कानशीने थोडी मोडली, चीं बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. ड्रमपण आतून घासला. तिथे धातूतच कमाल मापाचा आकडा कोरलेला असतो, १३० मिलीमीटरच्या ड्रमला १३१, तो घाण पुसल्याशिवाय दिसत नाही आणि घाण कोण पुसतो. शूंना बाहेर ढकलणारा कॅम बाहेर काढला तर गंजून लालभडक, म्हणजे पॅडल सोडल्यावर शू नीट मागे येतच नव्हते. तो साफ करून बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस, ते फक्त कॅमला आणि शू जिच्यावर टेकतात त्या पिनला, लायनरला चुकूनसुद्धा नाही.

आता जोडताना एक गोष्ट जी गडबडीत कोणी करत नाही, एक्सलचा नट शेवटचा आवळायच्या आधी पॅडल जोरात दाबून धरायचं आणि तसंच धरून आवळायचं. म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात. नाहीतर एकच शू घासत राहतो आणि एवढी मेहनत करून चीं परत दारात उभी. पॅडलला दोन ते तीन सेंटीमीटर मोकळी चाल ठेवली, चाक मोकळं फिरतंय बघितलं, मंदिरापर्यंत एक चक्कर मारून आलो, आवाज बंद.

राहिला ब्रेक लाईट, पॅडलची चाल बदलली की त्याचा स्विचपण बघावा लागतो. शेजारच्या पोराला मागे उभं केलं.

"लागली का रे?"

"लागली काका!"

पाय काढला. "आता?"

"आता पण लागली!"

मग काय, परत बसलो खाली पुठ्ठ्यावर आणि स्विचचा प्लास्टिकचा नट उलटा फिरवायला घेतला.