वजीर हातात, अर्धा गुण पदरात

आज कॉलेज रोडजवळच्या एका छोट्या बुद्धिबळ स्पर्धेत जिंकलेला डाव घालवला. समोर दहा वर्षांचा पोरगा. त्याच्याकडे उरलेला फक्त राजा, माझ्याकडे राजा आणि नुकताच प्याद्याचा झालेला वजीर. घड्याळात चार मिनिटं शिल्लक, तरी घाई मलाच! त्याचा राजा ए८ च्या कोपऱ्यात. मी वजीर थाटात बी६ वर ठेवला. शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत.

पोरगा आधी बाटलीतलं पाणी प्यायला, मग हळूच हात पुढे करून म्हणाला, "काका, ड्रॉ ना?" (ते 'काका' जास्त लागलं.)

घरी येऊन तीच मांडणी दहा वेळा खेळलो. वजीर एकटा राजाला कोंडतो, पण मात करायला आपला राजाही चालत न्यावा लागतो. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात राहून हे चाळिशीत कळतंय. बायको म्हणाली, "पट आवर, मिसळ खायला चल."