तुम्ही विचारलंत म्हणून: 'दुसरा पार्ट आलाय, जाऊ का ओ?'

मिरजकर तिकटीला चहाला थांबलो की कोणीतरी विचारतंच, "सर, त्याचा दुसरा पार्ट आलाय, जाऊ का?" मी काहीतरी सांगतो आणि मग मागनं खरा प्रश्न येतो, की मोठ्या मोठ्या हिरोंच्या भाग दोन-भाग तीनला तुम्ही दोन स्टारवर बसवता आणि बारक्या पोरांच्या कार्टूनला साडेतीन देता, हे कसलं गणित? परवा तर आमच्या मेव्हण्यानं जेवताना विचारलं, पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाजवळ नेऊन तशीच थांबवली आणि म्हणाला, "दाजी, तुमी पिक्चर बघता का पोरं सांभाळता?" तेव्हा ठरवलं की एकदा नीट लिहूनच टाकावं, म्हणजे रस्सा तरी गार होणार नाही.

मी चौदा-पंधरा वर्षं इथल्या एका छोट्या साप्ताहिकात परीक्षण लिहितो. मानधन तिकिटात आणि पॉपकॉर्नमध्ये संपतं, तेही छोट्या पॉपकॉर्नमध्ये. आणि कोल्हापुरात पिक्चरवर मत द्यायला वेगळा माणूस लागतो हीच मुळात गंमत आहे, इथं बाबूराव पेंटरांनी स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला, प्रभात इथंच १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली (ते अजून टोचतं, पण राहू दे), त्यामुळं रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाचं मत तयारच असतं, मला विचारतात ते फक्त भांडायला.

तर सिक्वेल. आपल्याकडं जुन्या दुकानांवर पाटी असायची, 'आमची कोठेही शाखा नाही'. आता मिसळीचं एखादं नाव झालं की दोन वर्षांत शाखा निघते, बोर्ड तोच, बोर्डाचा रंग तोच, मालकाच्या वडिलांचा फोटो तोच, आणि पहिल्या घासाला कळतं की तर्री काय ती नाही. निर्मात्याचं पण तसंच असतं, नाव लोकांच्या तोंडात आधीच बसलंय, नव्यानं ओळख करून द्यायला नको, मग काढा शाखा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, धंदा आहे, त्यानं करावाच. मी फक्त एक बघतो. पहिला भाग आणि हा भाग यांच्यामध्ये जी वर्षं गेली ती पडद्यावरच्या माणसांच्या अंगावर कुठं दिसतात का? आमची केसं गेली, आमच्या घरात दोन माणसं कमी झाली, एक वाढलं, आणि हा गडी अजून तसाच गाडीच्या टपावर उभा राहून गॉगल घालतोय, फक्त गाड्या जास्त उडतात आणि आवाज एवढा की शेजारचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. घड्याळ बंद ठेवून आवाज वाढवला की माझे दोन स्टार. कधी दीड.

आता गंमत बघा, ज्यांचं वय वाढायची काही गरजच नाही, म्हणजे चित्रातली माणसं, खेळणी, गाड्या, त्यांच्या पिक्चरमध्ये हे वय वाढणं सगळ्यात नीट येतं.

'कार्स'चंच घ्या. पहिला २००६ चा, शर्यतीतली लाल गाडी मॅक्वीन, गर्विष्ठ, आणि तिला सरळ करणारा म्हातारा डॉक हडसन. २०११ ला दुसरा भाग आला तर त्यात मॅक्वीन बाजूला आणि त्याचा दोस्त, तो गंजका टो-ट्रक मेटर, गुप्तहेर होऊन देशोदेशी फिरतोय, का तर पोरांना मेटर आवडतो म्हणून. मी दोन दिले, ते पण मेटरच्या दातांकडं बघून. आणि मग २०१७ ला तिसरा आला, मी काही अपेक्षा न ठेवता गेलो आणि खुर्चीत ताठ बसलो, कारण आता मॅक्वीन म्हातारा झालाय. नव्या तंत्राच्या पोरसवदा गाड्या त्याला सहज मागं टाकतात, तो जिद्दीला पेटतो, पेटून जोरात आपटतो, परत उभा राहतो, आणि त्याला सराव द्यायला जी क्रूझ नावाची ट्रेनर पोरगी ठेवलेली असते तिलाच एकेकाळी शर्यतीत पळायचं होतं असं निघतं. शेवटच्या शर्यतीत अर्ध्यातनं तो बाजूला होतो आणि तिला ट्रॅकवर सोडतो.

आता हे कोल्हापुरात कोणाला समजावून सांगायला पाहिजे का? गंगावेश तालमीत जा नायतर शाहूपुरीत, भिंतीला टेकून बसलेला माणूस असतो, कान मोडलेला, गुडघ्याला पट्टा, एकेकाळी त्यानं मैदानं मारलेली असतात आणि आता तो नुसता बसल्या बसल्या ओरडतो, "पट घाल की, पट!" पैलवानाचा वस्ताद कधी होतो ते त्याला कोणी सांगत नाही, एक दिवस लाल माती अंगाला लावायच्या ऐवजी तो ती दुसऱ्याच्या पाठीवर टाकतो आणि झालं. ते एवढं एका गाडीच्या पिक्चरमध्ये आलं होतं. डॉकला आवाज देणारे पॉल न्यूमन २००८ ला गेले होते, तर पहिल्या भागाच्या वेळचं त्यांचं न वापरलेलं रेकॉर्डिंग काढून तिसऱ्या भागात घातलं, म्हणजे गेलेला वस्ताद खरंच मागनं बोलतोय. मी साडेतीन दिले. संपादक फोनवर म्हणाले, "अहो गाड्या बोलतात त्यात!" म्हटलं, बोलू देत की, आमचे हिरो कुठं बोलतात.

हे सगळं पैशासाठी नसतं असं नाही हं. 'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग आधी थेट व्हिडिओ कॅसेटवर काढायचा म्हणून सुरू झाला होता, नंतर थेटरला आणायचं ठरलं आणि मग केलेलं न पटल्यामुळं गोष्ट जवळजवळ नव्यानं उभी करून नऊ-एक महिन्यांत पुरा केला, १९९९ ला आला. म्हणजे शाखाच होती, घाईतली. पण गोष्ट काय, तर वुडी नावाच्या बाहुल्याला जपानच्या म्युझियमवाल्याला विकायचं चाललंय, तिथं काचेत राहिला तर कधी तुटणार नाही, कोणी टाकून देणार नाही. आणि इकडं अँडी नावाचं पोरगं, जे मोठं होणार आणि याला विसरणार हे नक्की. वुडी पोरगं निवडतो. बहुतेक सिक्वेल म्युझियम निवडतात, एवढंच माझं म्हणणं आहे. तिसऱ्या भागात, २०१० ला, अँडी सतरा वर्षांचा होऊन कॉलेजला निघालेला, आणि माझ्या पुढच्या रांगेत एक मिशीवाला माणूस चष्मा पुसत होता, पोरगं शेजारी नाचोज खात होतं.

मराठीत पण हे बघितलंय. 'झपाटलेला' १९९३ ला बघितला तेव्हा मी शाळेत होतो, तात्या विंचूच्या भीतीनं आठवडाभर रात्री एकटा परड्यात गेलो नाही. २०१३ ला दुसरा भाग थ्री-डीत आला, तोवर लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन नऊ वर्षं होत आलेली, गोष्ट लक्ष्याच्या मुलाची केलेली. म्हणजे काळ गेलाय हे त्यांना माहीत होतं, पण ती रिकामी जागा दाखवण्यापेक्षा चष्म्यातनं काय काय अंगावर येतंय त्याच्यात जास्त जीव घातला, असं मला वाटलं. अडीच दिले. त्यातला अर्धा माझ्या परड्यासाठी होता, खोटं कशाला बोला.

पोरांच्या पिक्चरला मी सढळ हातानं देतो हे मात्र खोटं आहे. उलट तिथं माझी परीक्षा कडक. मी 'सू' मोजतो. खरंच. इंटरव्हलच्या आधी किती पोरं "मम्मी, सू" म्हणतात ते वहीत रेघ मारून ठेवतो, कारण पोरगं कंटाळलं की त्याला सू लागते, आणि पिक्चर चांगला असला की पाय आवळून बसतं पण उठत नाही. (इंटरव्हल पण कसला, मूळ पिक्चरला तो नसतोच, इथं वाक्याच्या मध्येच कापतात आणि समोसा दाखवतात.) २०१९ चा 'द लायन किंग' आला, हिंदीत शाहरुख आणि आर्यनचा आवाज, सगळं थेटर भरलेलं, आणि माझ्या वहीत अकरा रेघा! केस न् केस खराखुरा केलाय त्या सिंहाचा, पण बाप मेला तरी तोंडावरची रेषा हलत नाही, १९९४ चा हातानं काढलेला सिंबा डोळ्यानं रडायचा. दोन स्टार. त्यावर एका पालकानं मला रस्त्यात गाठून झापलं होतं.

चुकलो पण आहे. 'कुंग फू पांडा'चा दुसरा भाग २०११ ला आला तेव्हा नुसती मारामारी म्हणून अडीच देऊन मोकळा झालो. त्यातल्या पांड्याला वाढवणारं बदक नूडल्सचं दुकान चालवतं आणि त्याला वाटतं पोरानं गल्ल्यावर बसावं, म्हणजे आपल्या कुठल्याही मिसळवाल्यासारखं. चार-पाच वर्षांनी टीव्हीवर लागला, शेजारी माझी पुतणी, तेव्हा पाच-सहा वर्षांची, ती म्हणाली, "काका, बदक याचा बाबा कसा काय?" आणि माझ्या लक्षात आलं की अख्खा पिक्चर याच प्रश्नाचा आहे. आईनं त्याला मुळ्याच्या पेटीत लपवलं आणि लांडग्यांना भुलवून दुसरीकडं नेलं ते येतं तेव्हा पुतणी माझ्या शर्टाची बाही धरून बसली. शेवटी पांडा घरी येऊन बदकाला सांगतो की मी तुझाच मुलगा. जे पोरीला पहिल्या फटक्यात दिसलं ते मला पैसे घेऊन दिसलं नव्हतं. मी साप्ताहिकाला म्हटलं दुरुस्ती छापा, ते म्हणाले शिळ्या पिक्चरची दुरुस्ती कोण वाचतंय. तर इथं करतो, चार.

'इन्क्रेडिबल्स २' ला चौदा वर्षांनी येऊन गोष्ट मागच्याच मिनिटापासनं सुरू, म्हणजे माझ्या नियमात नापास व्हायला पाहिजे. पण त्या सुपरहिरो कुटुंबातलं बाळ आणि रॅकून यांची अंगणातली मारामारी बघून मी नियम खिशात घातला. पुतणी आठ वर्षांची होती, एक रेघ नाही.

२०२४ ला 'इन्साइड आउट २' आला, पोरीच्या डोक्यातल्या भावना हीच ज्यात पात्रं आहेत तो. पहिल्या भागातली अकरा वर्षांची रायली आता तेरा, डोक्यात नव्यानं आलेली चिंता सगळा कारभार ताब्यात घेते. पुतणी चौदाची, नववीत. म्हटलं चल, तर म्हणाली, "मी येतो, पण मैत्रिणींच्या शेजारी बसतो." (कोल्हापूरची पोरगी आहे, येतो-जातोच म्हणणार.) मी चार रांगा मागं. आइस हॉकीच्या मॅचमध्ये रायली पेनल्टी बॉक्समध्ये बसते आणि तिला श्वास घेता येईना होतो, तो सीन लागला तेव्हा एवढ्या पोरींच्यात कोणी हूं का चूं केलं नाही, आणि मी पडदा सोडून त्या रांगेतल्या वेण्या बघत बसलो. परीक्षण लिहायला घेतलं तर त्या सीनचं काही आठवेना.

येताना रंकाळ्याला भेळ खाल्ली. मी विचारलं, "कसा होता?" तर म्हणाली, "बरा होता." मग कांदा बाजूला काढत म्हणाली, "काका, तू किती देणार?" म्हटलं साडेतीन. "चार दे की," एवढंच म्हणाली आणि मोबाईल काढला.

चार दिले. मेव्हण्याला सांगू नका.